शंख कधी वाजवायचा?

कलकत्त्यात बागबाजारात घर भाड्यानं घेताना घरमालकांनी मला दोनच प्रश्न विचारले. मासे खाता का? आणि आडनावावरून मराठी दिसता, म्हणजे बर्गी का? पहिल्याला मी "शिकेन" म्हणालो. दुसऱ्याला काय म्हणावं ते सुचेना, कारण तोवर बँकेच्या कुठल्याही फॉर्मात मला हा रकाना लागला नव्हता.

बर्गी म्हणजे नागपूरकर रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार. भास्करपंत कोल्हटकरांबरोबर 1742 साली ते बंगालवर चालून आले. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण चौथाईच्या वसुलीसह चार ओळींत संपतं. बंगालात ते थेट अंगाईगीतात जाऊन बसलं आहे. आपल्याकडे पोर झोपत नसलं तर बागुलबुवा येतो, इथं मराठे येतात. त्या भीतीनं कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत होता सात मैलांचा. बागबाजारापासून सुरुवात करून तीनेक मैल खणून झाला आणि लक्षात आलं, की मराठे काही येत नाहीत. खंदक अर्धाच राहिला. पुढे 1799 साली त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. आठवण म्हणून एक गल्ली उरली, मराठा डिच लेन. माझ्या घरापासून दोन मिनिटांवर. पुणेकर असल्यानं खड्ड्यांचं मला अप्रूप नाही, पण आपल्या जातकुळीच्या नावानं सरकारी पाटी लावलेला खड्डा मी पहिल्यांदाच पाहिला.

पहिल्याच महिन्यात पाड्यातली पोरं पूजेच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहिली. पाडा म्हणजे आपला आदिवासी पाडा नव्हे. पाडा म्हणजे आळी, आणि आळीपेक्षा आळीचं नाक. आकडा ऐकून मी जरा घासाघीस केली. त्यावर एक मिसरूड फुटलेला शांतपणे म्हणाला, "दादा, तुम्ही चौथाई नेलीत. आम्ही फक्त चांदा मागतोय." मी पावती फाडून घेतली. पावणेतीनशे वर्षांचा हिशेब जिन्यात उभं राहून मिटवता येत नाही.

हे सगळं सांगायचं कारण, 15 जुलै 2025 ला दुपारी तीन वाजता, मंगळवारी, लखनौचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळातून परत आले, तेव्हा मी या लोकांबरोबर होतो.

रजेच्या अर्जात काय लिहावं हा पहिला प्रश्न होता. 'अंतराळयान पाहण्यासाठी' असं लिहिलं तर साहेब आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पेंडिंग फाइलींकडे बघणार. शेवटी लिहिलं : 'घरचा माणूस बाहेरून परत येत आहे, सबब अर्ध्या दिवसाची रजा मिळावी.' साहेबांनी सहानुभूतीनं विचारलं, "हावड्याला की शियालदाला?" मी म्हणालो, "पाण्यातून येतायत." साहेब म्हणाले, "अच्छा, बाबूघाटाच्या बोटीनं," आणि सही केली.

दुसरा प्रश्न वेळेचा. दुपारचे तीन ही बागबाजारात उतरायची वेळच नव्हे. या वेळी इथं भातझोप चालू असते. आपली वामकुक्षी म्हणजे नुसतं आडवं होणं. यांची भातझोप हे एक अनुष्ठान आहे. दुकानांची फळकुटं अर्धी ओढलेली, रिक्षावाला रिक्षातच, कुत्रीसुद्धा रस्त्याच्या बरोब्बर मधोमध. अवघड जागी असणं या भागाला नवं नाही. नाटककार गिरीशचंद्र घोषांचं घरसुद्धा इथं रस्त्याच्या मधोमध उभं आहे आणि रस्ताच दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातो. अशा पाड्यानं एका लखनौच्या मुलासाठी भातझोप सोडली, याहून मोठा राष्ट्रीय त्याग मी पाहिलेला नाही.

टीव्ही घरमालकांच्या बैठकीत. घरमालकांना मी मेशोमोशाय म्हणतो, म्हणजे मावशीचे यजमान. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवायचं थांबलेले नाहीत. त्यांची सूनबाई, म्हणजे आमच्या बौदी. रस्त्याकडच्या खिडकीच्या गजांना धरून उभी असलेली क्लबची पोरं. ओट्यावर, म्हणजे इथल्या भाषेत रॉकवर, पाड्याचे कॉम्रेडदा, ज्यांना प्रत्येक गोष्टीमागे अमेरिका दिसते. आणि पलंगावर मेशोंच्या मातोश्री, आमच्या ठाकुमा. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान अर्धे, डोळे एक, आणि उशीशी शंख. बंगाल्याच्या घरात शंख हे शुभकार्याचं वाद्य. आपल्याकडे 'शंख करणे' म्हणजे काय आणि 'नुसता शंख आहेस' हे कुणाला म्हणतात, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

यान बघायला बसलं की भारतीय माणूस आधी आपला वाटा शोधतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. अभिमान फुकट वाटून घ्यायला आपल्याला संकोच वाटतो. काहीतरी भांडवल आपलंही हवं.

सुरुवात मीच केली. म्हणालो, हा मुलगा खडकवासल्याच्या एनडीएतला. म्हणजे तीन वर्षं पुण्यात होता. 1984 साली गेलेले राकेश शर्माही एनडीएचेच. भारताकडून अंतराळात गेलेले दोघेही खडकवासल्याच्या काठावर घडले. माझं घर सिंहगड रस्त्यावर. आमच्या नळाला तेच पाणी. पाणी तेच असून मी बँकेत कसा, असा प्रश्न कुणी विचारायच्या आत मी विषय संपवला.

मेशोमोशाय गप्प बसणार थोडेच! राकेश शर्मांचे राखीव अंतराळवीर रवीश मल्होत्रा कलकत्त्यात वाढलेले, हे त्यांनी सांगितलं. म्हणजे तुमचा गेला असेल, पण जायची वेळ आली असती तर आमचा तयार होता. मग त्यांनी ठेवणीतला बाण काढला. शिशिरकुमार मित्र. कलकत्ता विद्यापीठात बसून पृथ्वीच्या वरच्या वातावरणाचा, आयनोस्फिअरचा अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. "यान ज्या थरांतून खाली येणार, त्यांचा पत्ता जगाला समजावून देणाऱ्यांत आमचे मित्रबाबू होते. चंद्रावर त्यांच्या नावाचं विवर आहे. जगदीशचंद्र बोसांच्याही आहे."

हे ऐकून माझ्या डोक्यात एक हिशेब जुळला. मराठ्यांच्या भीतीनं खणलेला खड्डा बुजवून रस्ता झाला. त्या रस्त्याच्या दक्षिणेकडच्या भागाला पुढे जगदीशचंद्र बोसांचं नाव दिलं. आणि त्या बोसांच्या नावाचा खड्डा चंद्रावर आहे. म्हणजे आमच्यापासून सुरू झालेला खड्डा यांनी चंद्रापर्यंत नेला! मी हे बोलून दाखवल्यावर मेशोंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आणि तिथंही बर्गी पोचले नाहीत."

बौदींनी विचारलं, तो तिथं अठरा दिवस करत काय होता? मी सांगितलं, सात भारतीय प्रयोग होते, त्यातल्या एकात त्यानं मूग आणि मेथी रुजवली. मुगाचं त्यांना काही वाटलं नाही. मेथी म्हटल्यावर मात्र त्या ताठ बसल्या. मेथी म्हणजे पाँचफोडणातली मेथी! जिरं, कलौंजी, बडीशेप, मोहरी नाहीतर राधुनी, आणि मेथी. बंगाली फोडणीचा पाचवा हिस्सा अंतराळात जाऊन मोड आणून आला. त्यांनी आत जाऊन डबा उघडून मेथीचे दाणे तळहातावर घेऊन पाहिले. दाणे तसेच होते, पण आता त्यांच्याकडे बघायची नजर वेगळी होती.

खिडकीतल्या पोरांपैकी एकानं आठवण काढली, की जाताना वजन संपल्याची खूण म्हणून यानात एक पांढरा खेळण्यातला हंस तरंगत होता. त्याचं नाव 'जॉय'. मेशोंनी तात्काळ जाहीर केलं, जॉय हा बंगाली शब्द आहे. तुम्ही ज्याला 'जय' म्हणता तो. इंग्रजीत त्याचा अर्थ आनंद होतो हा निव्वळ योगायोग. ठाकुमांना हंस कळला. हंस सरस्वतीचा. त्यांनी हात जोडले.

मग निघाला रॉशोगोल्ला. तो निघणारच होता. 1868 साली नबीनचंद्र दासांनी तो याच बागबाजारात घडवला, हे इथं पोर बोलायला लागल्यावर आधी शिकवतात. तक्रार अशी, की शुक्लांनी वर गाजर हलवा नेला, मूगडाळ हलवा नेला, आमरस नेला, मग रॉशोगोल्ला का नाही? आमरस नेल्याबद्दल मी मनातल्या मनात एक मूठ वळून घेतली. मेशोंनी भौतिकशास्त्रानं उत्तर दिलं : पाक. वजनरहित जागेत पाक वाटीत राहत नाही. त्याचे गोळे होऊन तरंगतात, यंत्रांत घुसतात. "पण लक्षात घ्या," ते बोट उंचावून म्हणाले, "जिथं वजन नसतं तिथं प्रत्येक थेंब आपोआप गोल होतो. बाकी मिठायांना तो आकार यायला अंतराळात जावं लागेल. आमच्या नबीनबाबूंनी तो बागबाजारातच आणला."

ओट्यावरून कॉम्रेडदांचा आवाज आला. रॉकेट कुणाचं? अमेरिकेचं. यान कुणाचं? अमेरिकेतल्या एका शेठचं. उतरणार कुठं? कॅलिफोर्नियाजवळ, पॅसिफिकमध्ये. आणि या एका खुर्चीसाठी आपण साडेपाचशे कोटींच्या आसपास मोजले, असं पेपरात होतं. यात आपलं काय?

खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही दोन दिवस टोचत होता. चांद्रयान उतरलं त्या संध्याकाळी असं काही टोचलं नव्हतं. ते सगळं आपलं होतं, वालचंदनगरचं पोलाद आणि विक्रोळीच्या इंजिनांसकट. इथं बघावं तर आपलं एक माणूस आणि थोडी मेथी.

तेवढ्यात पडद्यावर आवाज बंद झाला.

यान वातावरणात शिरलं होतं. ताशी सत्तावीस-अठ्ठावीस हजार किलोमीटरच्या वेगानं येताना पुढची हवा दाबली जाते, तापते, बाहेर सुमारे 1600 अंश होतात आणि यानाभोवती तापलेल्या, विद्युतभारित वायूचं आवरण तयार होतं. त्यातून रेडिओचा संदेश ना आत जातो ना बाहेर येतो. पाच-सात मिनिटं. मेशोमोशाय हे समजावून सांगायला लागले आणि वाक्याच्या मधेच थांबले. त्यांना मी थांबताना पहिल्यांदाच पाहिलं.

त्या शांततेत बैठकीतल्या प्रत्येकाला एकच तारीख आठवत होती, हे कुणी न बोलताही कळत होतं. 1 फेब्रुवारी 2003. शनिवार, दिवेलागणीनंतरची वेळ. मी तेव्हा शाळकरी होतो. आई म्हणाली होती, कल्पना चावला उतरली की पानं घेऊ. उतरायला सोळा मिनिटं राहिली असताना कोलंबिया यान आकाशात तुटलं. सात माणसं. टीव्हीवर निळ्या आकाशात पांढऱ्या रेघा लांबत गेल्या आणि आम्ही जरा वेळ त्या सुंदर आहेत असंच समजत होतो. पानं त्या रात्री उशिरा घेतली आणि कुणी नीट जेवलं नाही.

जाणाऱ्याकडे बघताना छाती फुगते. येणाऱ्याकडे बघताना ती दाबून धरावी लागते. उड्डाणाच्या वेळी टाळ्या वाजवणारा देश असतो. परतीच्या वेळी मात्र त्या देशाची एकदम आई होते आणि ती दर मिनिटाला खिडकीशी जाते.

कुणीतरी पंखा एकनं वाढवला. ठाकुमांचा हात शंखावर. कॉम्रेडदा ओट्यावरून उठून कधी आत येऊन उभे राहिले, कळलं नाही.

मग खरखर. मग एक आवाज. इंग्रजीत काय म्हणाला ते कुणालाच समजलं नाही, पण माणसाचा होता. आधी दोन छोट्या छत्र्या उघडल्या, मग चार मोठ्या. तिकडे मध्यरात्र उलटलेली होती, म्हणून पडद्यावर सगळं काळंपांढरं दिसत होतं. एखाद्या जुन्या बंगाली सिनेमासारखं. आणि तीन वाजून एक मिनिटानं ते थेंबुकलं पाण्यात पडलं.

आमच्या समोरच्या मिठाईच्या दुकानात कारागीर छेन्याचे गोळे उकळत्या पाकात सोडतो, ते मी रोज सकाळी बँकेत जाताना बघतो. तो गोळा टाकत नाही. हात कढईच्या अगदी जवळ नेऊन बोटं सैल करतो. गोळा बुडतो, क्षणभर दिसेनासा होतो, मग फुगून वर येतो आणि बाजूच्या गोळ्याला हलका धक्का देत डोलत राहतो. यान तसंच आलं. बुडालं, वर आलं, डोललं. खिडकीतून पोरं ओरडली, "दीलो! छेडे दीलो!" म्हणजे सोडलं, सोडून दिलं! आणि मला कळेना, ती यानाबद्दल बोलतायत की पाकाबद्दल.

पोरांनी फटाके आणलेच होते. बौदींनी जीभ तोंडात फिरवत उलुध्वनी केला. मेशो चष्मा पुसत होते. चष्मा घाण नव्हता. आणि मी, बर्गी, खंदकाच्या अलीकडे बसून डोळे पुसत होतो. दशमीला बागबाजारच्या घाटावर देवी पाण्यात जाते तेव्हा हेच आवाज असतात, पण तेव्हा सगळे रडत असतात. आज पहिल्यांदा पाण्यातून कुणीतरी परत येत होतं. उलटं विसर्जन.

कॉम्रेडदा सावरले. म्हणाले, "तरी यान अमेरिकेचंच ना?"

ठाकुमांना अर्धंच ऐकू येतं, पण नेमकं जे ऐकू यायला नको तेच येतं. त्या म्हणाल्या, "तुझी लेक जमशेदपूरहून येते, तेव्हा टॅक्सी कुणाची ते विचारतोस की लेक उतरली का ते बघतोस?"

कॉम्रेडदांनी उत्तर दिलं नाही. चहा मात्र घेतला.

सगळ्यांच्या लक्षात मग आलं, की ठाकुमांनी शंख वाजवलेलाच नाही. बौदी म्हणाल्या, "ठाकुमा, वाजवा ना, आला तो!" ठाकुमांनी विचारलं, "कुठं आला?" समुद्रात. "समुद्र म्हणजे घर नव्हे. आईला भेटला का?" आम्ही समजावलं, की आता जहाजावर घेतील, मग डॉक्टर तपासतील, वजनरहित राहून पाय दुबळे झालेले असतात, चालायला शिकवतील, मग काही दिवसांनी देशात येईल. त्यांनी शंख उशीखाली सरकवला. "मग तेव्हा सांग."

रात्री आईचा फोन आला. तिनेही पाहिलं होतं. "बारीक झालाय बाई तो," ती म्हणाली. अंतराळपोशाखात तिला हे कसं दिसलं ते विचारायचं धाडस मी केलं नाही. मग ती म्हणाली, "गणपतीला येणार आहेस ना?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "पोचले पाहुणे?" म्हटलं, पोचले. ठरल्या वेळेला, मिनिटाचाही उशीर नाही. साहेब म्हणाले, "मग हावड्याला नसतील उतरले."

अंतराळस्थानक आपल्या डोक्यावर चारशे किलोमीटरवर. तिथून सुटून पॅसिफिकमध्ये पडायला सव्वाबावीस तास लागले. पॅसिफिकपासून घरापर्यंत मात्र महिन्याहून जास्त. 17 ऑगस्टला शुक्ला दिल्लीत उतरले, मी ठाकुमांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "दिल्लीत आई आहे?" आई लखनौला. शंख उशीखालीच राहिला. राष्ट्रीय दूरचित्रवाणी, पंतप्रधान, विमानतळावरची गर्दी, सगळ्यांनी हा मुलगा परत आल्याचं जाहीर केलं होतं. एका बागबाजारच्या पलंगावरून मंजुरी यायची तेवढी बाकी होती.

25 ऑगस्टला सोमवारी ते लखनौला पोचले. बौदींनी फोनवरची बातमी ठाकुमांच्या चांगल्या डोळ्यासमोर धरली. थोड्या वेळानं मी वर सामान बांधत असताना खालून शंख ऐकू आला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा जरा कापत. पंच्याऐंशी वर्षांच्या फुप्फुसांनी चाळीस दिवस राखून ठेवलेला श्वास होता तो.

मी सामान बांधत होतो, कारण बुधवारी गणेश चतुर्थी. रजेचा अर्ज बघून साहेबांनी विचारलं होतं, "पुन्हा पाहुणे?" म्हटलं, या वेळी मीच. हावड्याहून रात्री आझाद हिंद एक्सप्रेस. तीस तासांहून जास्त, दोन हजार किलोमीटर. अंतराळातून येणारा लवकर पोचतो, पण त्याला मधे भुसावळ लागत नाही.

निघताना जिन्यात वाकून नमस्कार केला. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणायची रीत नाही, 'येतो' म्हणतात. इथंही तसंच. कुणी 'जातो' म्हणत नाही, 'आशछी' म्हणतात. मी म्हणालो, "ठाकुमा, आशछी." त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "एशो, एशो."

मेशोमोशाय टॅक्सीपर्यंत आले. मराठा डिच लेनच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "बघा, सत्तावन्न वर्षं तुमची वाट बघून खंदक बुजवला. आता आलात तर परत या."

टॅक्सी वळताना मागं पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत बौदी उभ्या होत्या आणि हात तोंडाशी धरून सांगत होत्या, "पोचल्याचा फोन करा हो, घरातून! स्टेशनवरून नको! ठाकुमा म्हणतायत, शंख तोवर काढून ठेवलाय!"